माधवीने वाण परत केलं त्याची गोष्ट

आमची माधवी म्हणजे खरं सोनं. उगाच म्हणत नाही. नागपूरची मुलगी, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि व्हँकुव्हरला थेट सरकारी ऑफिसात टेबल मिळवलेली! तिथे म्हणे आपल्यासारखं नाही. घराचं छत गळलं, घर गरम ठेवणारा फर्नेस बिघडला तर दुरुस्त करून देऊ, अशी वॉरंटी विकणाऱ्या कंपन्या असतात. एका प्रांतातल्या कंपनीला दुसऱ्या प्रांतात धंदा करायचा तर तिथलं वेगळं लायसन्स लागतं. लोकांच्या भरपाईचा पैसा तिथल्याच बँकेत बाजूला ठेवावा लागतो. नाहीतर उद्या कंपनी पळाली तर लोकांनी कुणाच्या दारात जायचं? हे कागद तपासणं माधवीचं काम. नोकरी मात्र अजून कच्ची होती, प्रोबेशनवर.

तिला तिथे मैत्रीण एकच, यामिनी. यामिनीचा नवरा शंतनु आधी ओंटारियो प्रांतात, विंडसरला गाड्यांच्या कारखान्यात होता. २००८ च्या मंदीत त्याची नोकरी गेली. मग तिथल्याच एका वॉरंटी कंपनीने त्याला व्हँकुव्हरची शाखा उघडायला पाठवलं. लायसन्स मिळालं तरच शाखा, आणि शाखा झाली तरच शंतनुचा पगार. आणि कंपनीची फाइल आली नेमकी माधवीच्या टेबलावर.

पुढच्या जानेवारीत यामिनीने संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं, तरी बायका आल्या, दाराशी बुटांचा ढीग झाला. वाण म्हणून सगळ्यांना प्लास्टिकचे डबे. माधवीची पाळी आली तशी यामिनीने तिला किचनमध्ये नेलं आणि हातात चांदीचं निरांजन ठेवलं. चांगलं जड.



"यामिनी, हे काय?"

"अगं, वाण आहे. वाणाला कुणी नाही म्हणतं का?"

"बाकीच्यांना डबा आणि मला चांदी?"

"तू माझी जवळची ना!"

"भाऊजींच्या कंपनीची फाइल माझ्याकडे आहे, ठाऊक आहे ना तुला?"

यामिनी हळूच म्हणाली, "शंतनुला रात्र रात्र झोप नाही गं. तो म्हणतो, ओळख असल्याशिवाय फाइल हलत नाही."

"त्याने ऑफिसला एकदा तरी फोन केला?"

"नाही. म्हणाला, माधवी आहे ना आपली."

माधवीला वाईट वाटलं, अगदी आतून. पण घेतलं असतं तर नोकरी गेली असती. आणि नसती गेली तरी, थोरल्या भावाने, म्हणजे मीच, लाडात वाढवलेली ही मुलगी, उद्या आरशात बघणार कशी? तिने निरांजन ओट्यावर ठेवलं.

"कुंकू लाव. तीळगूळ दे. आणि मलाही डबाच दे."

"फार मोठी साहेबीण झालीस!" यामिनीचे डोळे भरले. तरी कुंकू लावलं तिने.

"भाऊजींना म्हणावं, ऑफिसात फोन करा. काय कमी आहे ते कुणालाही सांगतात. ओळख लागत नाही."

सोमवारी माधवीने आपल्या गोऱ्या साहेबिणीला सगळं सांगितलं. असं आहे, ती माझी मैत्रीण, ही फाइल मला नको. साहेबिणीने विचारलं, "तू काय घेतलंस?" माधवी म्हणाली, "एक लाडू आणि प्लास्टिकचा डबा." बाई हसली आणि फाइल दुसऱ्याच्या टेबलावर गेली.

यामिनीने बोलणंच टाकलं. ग्रोसरीच्या दुकानात समोर आली की भाज्यांकडे बघायची. माधवी घरी येऊन रडायची, पण एका शब्दाने मागे नाही सरली. आमच्या रक्तातच आहे ते!

शंतनुने शेवटी फोन केला. कळलं, की कंपनीने भरपाईचा पैसा सगळा ओंटारियोतच दाखवला होता, व्हँकुव्हरला काही नाही. एवढंच अडलं होतं. कंपनीने थोडी कुरकुर केली, पण पैसा तिथल्या बँकेत ठेवला आणि लायसन्स आलं. सही दुसऱ्याच ऑफिसरची.

पाडव्याच्या सकाळी माधवीचा फोन वाजला.

"येतेस का जेवायला?" यामिनीचा आवाज अजून फुगलेलाच होता. "श्रीखंड केलंय. की त्यालाही तुझ्या साहेबिणीची परवानगी लागते?"

"फाइल मिटली गं आता," माधवी म्हणाली. "दोन वाट्या खाईन."