जास्तीची दोन उत्तरं

"दोन उत्तरं पुरत नाहीत का तुला? तुमच्या लोकांना सगळीकडे जास्तीचंच पाहिजे."

सर हे सविताला म्हणाले. सविता माझ्या काकाची मुलगी. आम्ही दोघंही दिग्रसला बारावीला होतो, गावातून एकाच एसटीनं यायचो. चाचणीचे पेपर वाटणं सुरू होतं. सरांनी तिला उभं केलं आणि तिचा पेपर वर्गाला दाखवला. पुढच्या बाकांवरची मुलं हसली. ती मुलं सरांच्या घरी शिकवणीला जायची. आम्ही मागं बसायचो.

गणित लहानसं होतं. साइन दोन एक्स बरोबर एक छेद दोन. एक्स शून्य ते तीनशे साठ अंशांच्या आत. सरांच्या नोट्समध्ये उत्तरं दोनच होती, पंधरा आणि पंचाहत्तर. सवितानं चार लिहिली होती. एकशे पंच्याण्णव आणि दोनशे पंचावन्न ही आणखी दोन.

चारही बरोबर होती. मला माहीत होतं, कारण मीच तिला शिकवलं होतं. एसटीत, मांडीवर वही ठेवून. एक्स तीनशे साठपर्यंत जातो, तर दोन एक्स सातशे वीसपर्यंत जाणार. म्हणून आधी रेंज दुप्पट करायची, मग कोन शोधायचे, निम्मे अगदी शेवटी. हे विसरलं की अर्धी उत्तरं सुटतात. सरांचीही सुटली होती.

माझ्या पेपरात मात्र दोनच होती.

चाचणीच्या आदल्या दिवशी पुढच्या बाकावरच्या एकाकडून मी सरांच्या नोट्स पाहिल्या होत्या. सरांना दोन हवीत, हे कळलं. मी दोनच लिहिली. सविताला सांगितलं नाही.

"कोणी शिकवलं हे शहाणपण?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं.

"तू का रे?"

"नाही सर."

"बघ, याच्याकडून शीक. तुमच्यातलाच आहे ना? किती गुणी!"

वर्ग पुन्हा हसला. मीही थोडा हसलो. हे लिहायला मला फार वेळ लागला.

परतताना ती एसटीत माझ्याजवळ बसली नाही. गावात उतरल्यावर म्हणाली, "दादा, तुले येत होतं. मग काहून नाही म्हटलं?"

"मार्क गेले असते."

"माहे गेलेच ना. आन तू हासला."

तीन दिवस ती बोलली नाही. चौथ्या दिवशी तास सुरू होताच मी न विचारता फळ्याकडे गेलो. एकशे पंच्याण्णव लिहिलं. दुप्पट, तीनशे नव्वद. तीनशे साठ वजा. उरले तीस. साइन तीस, एक छेद दोन.

"सर, यात चूक कुठं आहे ते दाखवा. आणि हे तिला मी शिकवलं. त्या दिवशी मी खोटं बोललो."

"बसा ओ प्राध्यापक!" पुढून कोणीतरी ओरडलं.

सरांनी फळ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग डस्टर उचललं. "जागेवर जा. बोर्डाला असलं येत नाही."

सविता वहीत मान घालून बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

तिचे कापलेले मार्क तसेच राहिले. माझे पूर्ण मार्कही तसेच राहिले. बारावीनंतर तिनं गणित सोडलं. माझ्यामुळे सोडलं, असं ती म्हणत नाही. मी म्हणतो.

आता मी बीएस्सीला आहे. घरात कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच. अपमान सरांनी केला, तो त्यांचा. पण तिच्या तोंडावर मारायला नमुना लागत होता, तो मी झालो. तसा गुणी मुलगा मी पुन्हा कोणाचाच होणार नाही. कोणी माझं कौतुक करू लागलं, तर आधी पाहीन, माझ्या शेजारी कोणाला उभं केलंय. आणि मीही उभा राहीन. तेव्हाच, चौथ्या दिवशी नाही.