शिंपल्यांचा निवद

राहीबाईच्या तोंडाला लागू नये, असं उंब्रजच्या आसपास जो तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं. पण लेकाचं सरण विझलं तेव्हापासून वर्षभर तिनं तोंडच उघडलं नव्हतं. गावाला वाटलं, बाई खचली. खचली कसली, डूख धरून बसली होती.

तिचा गुंडा ब्रह्मदेशच्या लढाईतनं धडधाकट परत आला आणि चैतात घरच्या नदीवर मेला. काठावर विस्तव करून त्यानं डोहातले शिंपले भाजले आणि अर्धेकच्चेच खाल्ले. कृष्णाकाठची रीत त्याला पाठ होती. नदी वाहती आहे तोवर शिंपला गोड. अखितीनंतर, भर वैशाखात पाणी साचून तापलं, की शिंपल्यात पटकी बसते, हात लावायचा नाही. अखिती तर अजून लांब होती. तरी जुलाब-उलट्या लागल्या आणि दिवस मावळायच्या आत पोरगं गार पडलं.

रोगराई वेशीबाहेर न्यायच्या मरीआईच्या गाड्याचा मानकरी सयाजी मयताला आला आणि चारचौघांत म्हणाला, "नवस चुकवला आसंल गुंडानं. देवीचा कोप, दुसरं काय."

राख सावडल्यावर राहीबाई डोहावर गेली, तर खडकाला एक वाकळ अडकलेली. टाका तिच्याच हातचा. सयाजीच्या घरी तिनंच ती शिवून दिली होती. सयाजीचा भाऊ महिन्यामागं 'तापानं' गेला होता, तो कशानं गेला ते तिला आत्ता कळलं. ज्या घरात पटकी शिरली, त्या घराचा गाड्याचा मान जातो. मेल्या सयाजीनं मानापायी मयताची वाकळ जाळायची सोडून गुपचूप पाण्यात ढकलली होती. तिनं ती ओढून काढून जाळली आणि गाड्याची वाट बघत बसली.

पुढच्या वैशाखात गाडा निघाला. वेशीबाहेर ओढण्याआधी मानकऱ्यानं घरोघरच्या निवदाचा घास खायचा, नाहीतर गाडा हलत नाही. राहीबाईनं शिंपल्यांचं ताट पुढं केलं.

"आखिती झाल्यावर शिंपलं?" सयाजी मागं सरला.

"आवं, तुमी देवीचं मानकरी. तुमास्नी कशाचं भ्या? गुंडानं खाल्लं त्याच डोहातलं हाय."

"त्या डोहाचं मी पानी बी पीत न्हाई."

"कवापास्नं?"

सयाजी खांद्यावरचा दोर सावरत गाड्याकडं वळला.

"तुमचा भाऊ गेल्यापास्नं. माझ्या टाक्याची वाकळ तुमीच टाकलीसा त्यात. न्हाई म्हनत आसाल, तर खावा."

सगळं गाव त्याच्या हाताकडं बघत होतं. हात काही उचलला नाही. पंचांतल्या म्हाताऱ्या नाथाजीनं त्याच्या खांद्यावरचा गाड्याचा दोर काढून घेतला.

मग राहीबाई तिथंच धुळीत फतकल मारून बसली आणि एकेक शिंपला खाऊ लागली. पटकीची सुई टोचणारा माणूस गावोगाव सांगत फिरायचा, उकळून खावा, उकळून प्या. सकाळभर तिनं ते शिंपले चुलीवर खळखळा उकळले होते. एवढं गुंडाला करून घातलं असतं, तर आज तो दोर ओढायला उभा असता.

रिकामी टरफलं तिनं सयाजीच्या पायाशी ओतली.

"माझ्या लेकाचा निवद पोचला," ती म्हणाली. "आता ओढा गाडा."