चार रविवार घालून निवडलेलं ग्राफिक्स कार्ड

परवा रविवारी, सिंदी मेघे गावातल्या माझ्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात, एक नवंकोरं ग्राफिक्स कार्ड मेलं. मीच मारलं. गेला महिनाभर त्या कार्डाबद्दल मी इथे एवढं लिहिलं, की 'भाऊ, लावलं का?' असे मेसेज थांबेनात... म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो.

माझी मुलगी मयूरी यंदा नोकरीसाठी पुण्याला गेली. इथे होती तेव्हा रविवारी दुपारी आम्ही बापलेक शेजारी शेजारी बसून गेम खेळायचो. मी पन्नाशीला टेकलेला माणूस, पण खोटं कशाला बोलू... आठवडाभर त्या दुपारची वाट पाहायचो.

जाताना ती म्हणाली, आता ऑनलाइन खेळू. दोघांनी मिळूनच खेळता येतो असा एक नवीन गेम तिने शोधून ठेवला होता. तो माझ्या कॉम्प्युटरवर उघडेचना. कॉम्प्युटर मीच जोडलेला, स्वस्तातला, आणि त्यातलं ग्राफिक्स कार्ड जुनं, सेकंडहँड.

नवीन कार्ड घेणं भाग होतं. पण मी कुठलाही कोर्स केलेला नाही, वाइंडिंग काय आणि कॉम्प्युटर काय, सगळं उघडून-जोडून शिकलो. दुकानदार म्हणतो म्हणून वस्तू उचलणं मला जमत नाही.

वही केली. कोणतं कार्ड किती वॅट खातं, माझ्या पॉवर सप्लायला ते झेपेल का, मेमरी आठ जीबी पुरेल की बारा हवी, जुन्या प्रोसेसरमुळे कार्डाची ताकद किती वाया जाईल... कॅबिनेटमध्ये जागा दोनशे साठ मिलिमीटर भरली, तर तेवढ्या मापाचं पुठ्ठ्याचं कार्ड कापून आत बसवून पाहिलं.

पहिल्या रविवारी मयूरीचा फोन आला, तेव्हा मी दोन कार्डांमध्ये अडकलो होतो. दुसऱ्या रविवारी तीन झाली होती. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "बाबा, कोणतंही घ्या न. मले का तुमचा स्क्रीन पाहाचा आहे? तुम्ही या फक्त."

मला रागच आला. कोणतंही कसं?

चौथ्या आठवड्यात ठरलं. शनिवारी नागपूरला जाऊन कार्ड आणलं, येताना बसमध्ये खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. दुपारी तीनला खेळायला बसू, असं मयूरीला कळवून टाकलं आणि रविवारी सकाळी दुकानाच्या टेबलावर कार्ड घेऊन बसलो.

बायको चहा घेऊन आली. माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर पाहून म्हणाली, "नवीनच आहे न ते? मंग काऊन खोलून राह्यले?"

"आतली पेस्ट पाहतो."

"मोटर आहे का ते, बोरमध्ये सोडाले?"

तिचं बरोबर होतं, पण मला पटलं नाही. गिऱ्हाइकाने आणलेली नवी मोटरसुद्धा मी उघडून पाहतो, मगच बोअरमध्ये सोडू देतो. पार केळझर गावापासून लोक माझ्याकडे येतात ते याच सवयीमुळे. कार्डाच्या चिपवर कूलर बसतो आणि मध्ये उष्णता ओढून घेणारी पेस्ट असते... कारखान्यात ती नीट लावत नाहीत, असं मी वाचलं होतं.

चार स्क्रू होते. एकावर वॉरंटीचं सील होतं, ते फोडताना हात अडखळलासुद्धा नाही. कूलर मात्र निघेना. गच्च बसलेलं बेअरिंग काढताना करतो तसा मी तो डावीकडे-उजवीकडे डुलवला... आणि 'कट' असा बारीक आवाज आला.

चिपच्या कोपऱ्याचा तिळाएवढा टवका उडाला होता.

तरी जोडून पाहिलं. कार्डाचे पंखे फिरले, स्क्रीन काळी. केबल बदलली, तीनदा काढून लावलं, शेवटी जुनं कार्ड बसवलं... जुन्यावर सगळं ठीक.

नागपूरच्या दुकानदाराला फोन केला. तो हसला नाही, त्याचे उपकार. "काका, सील तुटून आहे न, कंपनी घेत नाई," एवढंच म्हणाला. स्वतः उघडून बिघडवलेली मोटर माझ्या टेबलावर आणून ठेवणाऱ्यांना मी वर्षानुवर्षं असंच काहीतरी ऐकवत आलोय, आणि ते ऐकवताना मला बरं वाटायचं.

तीनला मयूरीचा फोन आला. कार्डच खराब निघालं, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तिला खरंही वाटलं असतं, कारण बाबांच्या हातून काही बिघडत नाही, हे मीच तिला लहानपणापासून सांगितलेलं. ते वाक्य कसंतरी गिळलं आणि म्हणालो, "माझ्याच हातून गेलं. उघडायला नको होतं."

ती म्हणाली, "हाताले लागलं तर नाई न?"

नाही म्हटलं.

"बाबा, एक सांगू? तो गेम मी मागच्या आठवड्यात संपवला. रूमवरच्या मैत्रिणीसोबत. तुम्ही एवढं वाचून राह्यलते, वही गिही करून... मले सांगवलं नाई."

मी विचारलं, शेवट कसा आहे गेमचा? ती उत्साहाने सांगायला लागली आणि मध्येच थांबली. "राहू द्या. तुम्ही खेळसान तेव्हा पाहसान."

तो गेम दुसरं माणूस असल्याशिवाय सुरूच होत नाही. हे तिलाही ठाऊक, मलाही.

चौकशी करणाऱ्या सगळ्यांचे आभार. आता पुढचं कार्ड कोणतं, ते मात्र कोणी विचारू नका... आता घाई नाही, आणि तेच सहन होत नाहीये.