घरचे बोंबील श्रमात धरत नाहीत

त्या दिवशी पालघरच्या बाजारात पाटी रिकामी झाली आणि मी तडक कॉलेजात गेले. अंगाला मासळीचा वास, डोक्यावर चुंबळ तशीच… शिपाई अडवायला पुढे आला आणि दोन पावलं मागे सरला. वासाचा असाही उपयोग असतो.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. माझी मंदा तिथे बी.कॉम.ला होती. बोईसरच्या कारखान्यांत ऑफिसकामाला पोरी घ्यायला लागले होते, पण डिग्री हवी. दातिवऱ्यात आमच्या आळीतून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. मी चौथीतच शाळा सोडलेली, त्यामुळे तिच्या पुस्तकांत कधी नाक खुपसलं नाही.

त्या वर्षी युनिव्हर्सिटीने अभ्यासक्रम बदलला. बी.ए. करा, बी.कॉम. करा, नाहीतर सायन्स… एक सामान्य विषय सगळ्यांना सक्तीचा. त्यात दहा दिवसांचं श्रमशिबिर, तिकडे मनोरच्या बाजूला मासवणला. गेलं नाही तर नापास, आणि नापास म्हणजे डिग्री अडकली. कशासाठी हे सगळं? तर विषयाची उद्दिष्टं म्हणून कॉलेजात छापील कागद वाटला होता, तो मंदाने वाचून दाखवला. त्यात पहिलंच होतं… विद्यार्थ्याला श्रमाची किंमत कळावी.

माझं डोकंच फिरलं.

बोंबलाचा हंगाम ऐन भरात होता. बोट लागली की बोंबील धुवायचे, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी वाळायला बांबूच्या वलांडीवर टांगायची. बोंबलाचे दात बारीक, पण बोटं सोलून काढतात. मंदा हे लहानपणापासून करत होती. पहाटे वलांडी भरायची, मग हात धुवून कॉलेज. पोरी शेजारी बसत नाहीत म्हणून लिंबू चोळायची हातांना… आणि तिला श्रमाची किंमत शिकवणार? कोण, तर ज्यांच्या टेबलावर पाण्याचा पेलासुद्धा शिपाई आणून ठेवतो ते!

प्रिन्सिपॉल सरांच्या खोलीत युनिव्हर्सिटीच्या एक मॅडम बसल्या होत्या. नवा अभ्यासक्रम कसा चाललाय, काय सुधारायला हवं, हे विचारत कॉलेजं फिरत होत्या. म्हटलं, बरं झालं, दोघं एकदमच सापडली.

सर समजुतीने म्हणाले, "बाई, शिबिरात केलेलं कामच श्रम म्हणून धरतात. घरचं काम त्यात बसत नाही."

"म्हंजे दुसऱ्याच्या शेतातली माती उचलली तर श्रम, आन् घरचे बोंबील टांगले तर काय, भातुकली हाय?"

सर हसू दाबत पंख्याकडे बघायला लागले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे यांचं. घरचा धंदा करणाऱ्या मुलांना शिबिरातून सूट हवी. मी समितीपुढे मांडते. सर, या मुलीला आत्ताच देऊन टाका."

मी ताठ मानेने घरी आले. मंदा वलांडीखाली बसून बोंबील निवडत होती. म्हटलं, "जा, सुटलीस. काय जायला नको तुला मासवणला."

हातातला बोंबील तिने टोपलीत आपटला.

"तुला कोणी सांगितलं होतं गो आये? मला जायचं हाय!"

"माती उपसायला?"

"उपसीन. माती चावत नाय."

घरात जाऊन बघते तर तिची पिशवी भरून तयार. धुतलेली चादर, वेणीला नवी रिबीन, साबणाची वडी… दहा दिवस पोरींच्यात राहायचं, मासळीचा वास नाही, कोणी पहाटे हाका मारणार नाही. सगळं ठरवून ठेवलं होतं बयेने. आणि ती सूट माझ्याच तोंडाने मिळवलेली!

दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉलेज. मला बघून सरांचा चेहरा पडला.

"पोरीला शिबिराला घ्या," मी म्हटलं.

"अहो बाई, कालच सूट दिली ना! तुमचं नक्की म्हणणं काय?"

"माझं कायच नाय. शिबिर काढलंत तवा तुमी तिला विचारलं नाय. सूट दिली तवा मॅडमनी नाय. मी तिची आय, मी पन नाय. आता तिनं सांगितलंय, जायचं हाय."

"मग मॅडमना मी काय सांगू?"

"सांगा, तीच कोळीण उलटं भांडून गेली."

मंदा गेली. दहा दिवसांनी आली ती गालांवर बाळसं धरून. सांगत होती, तिथल्या पाड्यातली अर्धी घरं बंद, माणसं पोटासाठी बाहेर कामाला गेलेली. आणि त्यांच्या पाड्यात ही कॉलेजची पोरं श्रम शिकायला चर खणत होती. एक म्हातारा रोज दगडावर बसून बघायचा आणि विचारायचा, "पोरांनू, तुमच्या घरी काम नाय काय?"

तो म्हातारा समितीवर घ्यायला हवा होता.

तो नियम मूर्ख होता हे मी आजही म्हणते. कागदावर उद्दिष्टं लिहिणाऱ्यांनी आधी ज्याला शिकवायचं त्याच्या घरात डोकवावं… निदान त्याला विचारावं तरी.

मासवणला मंदाला काय कळलं, ते तिलाच ठाऊक. इकडे हे बोटीवर, आणि तिच्या वाटणीची वलांडी रोज पहाटे मी एकटीने भरली. शेवटी शेवटी तर बोटं इतकी फाटली की भाकरी मोडताना मीठ झोंबायचं. युनिव्हर्सिटीचं ते पहिलं उद्दिष्ट पुरं झालं हो… मला पुरती कळली किंमत.

मार्क मात्र तिला मिळाले.