हौदातला तवंग

पाण्यावर आमच्या साडूंइतका अविश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुना डिजिटल कॅमेरा उघडून त्याला केवळ अतिनील किरण आत सोडणारी काच बसवली. उन्हातले पाणी त्यात काळेभोर दिसते आणि डोळ्यांना न दिसणारा तेलाचा पातळ थर पांढरा उमटतो. तेव्हापासून हर्सूलच्या तलावापासून लग्नातल्या पिंपापर्यंत काहीच सुटले नाही. पुतणीच्या लग्नात त्यांनी पाण्याचे पिंप उन्हात ओढून नेले आणि पंगत ताटकळत असताना निकाल दिला, "तेल हाय. वाढप्यानं हात बुडवलाय." तलावाकाठी रिक्षा धुणाऱ्या एकाने विचारले, "काका, माझा फोटो कसा आला?" "तुझा नाय, तुझ्या पापाचा आलाय. रिक्षा मागं घे."

त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, वारल्यावर ते पुंडलिकनगरच्या घरी एकटे राहू लागले आणि तलावाकडे फिरकेनासे झाले. काल सकाळी मी गेलो तेव्हा ते अंगणातल्या हौदाशी उभे होते. हौदात बोअरचे पाणी; पिण्याचेही तेच. त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा माझ्यापुढे धरला. काळ्या पाण्यावर लांब पांढऱ्या बटा पसरल्या होत्या. वारा नव्हता, तरी त्या सावकाश उलगडत होत्या. मी हौदात पाहिले : नितळ पाणी, माझा चेहरा. पुन्हा पडद्यावर पाहिले. बटा माझ्या बाजूच्या काठाला येऊन टेकल्या होत्या.

"ती इथंच बसून न्हायची, दादा. तेल चोपडून," ते हलकेच म्हणाले. "मी हौद उपसतो. मोटार लावली की परत येते."

"आणि हे पाणी तुम्ही पिता?"

"तिचं तेल मला काय करणार?"

साऱ्या शहराला तेलासाठी फैलावर घेणाऱ्या माणसाचे हे उत्तर होते. मी मोटारवाल्याला बोलावले. त्याने बोअरमधून मोटार वर ओढली. "सील गेलंय, काका. मोटारीतलं तेल पाण्यात उतरतंय, लई दिवसांपासून. हे पिताय व्हय?" साडूंना हे ठाऊक नव्हते, असे मला वाटत नाही. मोटारवाला हौद धुवायला निघाला, तेव्हा मात्र ते आडवे आले. "आजचा दिस राहू द्या, दादा." हे मला उद्देशून होते.

मोटारवाला मोटार घेऊन गेला. मी आमच्या घरून पिण्याच्या पाण्याची कळशी आणवून त्यांच्या स्वयंपाकघरात झाकून ठेवली. मग त्यांनी ते पाणी पिऊ नये म्हणून हौदाच्या तोटीला फडके घट्ट बांधले. हौद तसाच भरलेला ठेवला.