मागं ठेवलेलं बी

हसनाबादच्या अलीकडं, फाट्यावरून आत गेलं की आमचं गाव. काही वर्षांपूर्वी मी तिथल्या एका शेतकऱ्याच्या कपाशीत रोजानं जात होते. तो पाठीवर पंप घेऊन फवारायचा आणि मी पाणी आणून पिंपात औषध कालवायची. हातमोजे नव्हते, तोंडाला नुसता पदर. एके दुपारी डोळ्यांपुढं सगळं पांढरं दिसायला लागलं आणि मी सरीतच बसले. त्यानं मला मोटारसायकलवर बसवलं, मला धरायला मागं त्याची बायको बसली आणि तसंच जालन्याला दवाखान्यात नेलं. म्हणून मी वाचले.

पण उजव्या हाताची थरथर काही गेली नाही. खुरपायला बसले की खुरपं गवताऐवजी पिकावरच चालायचं. एक-दोघांनी पुन्हा कामाला बोलावून पाहिलं, मग कुणी बोलावलं नाही. नवरा बांधकामावर जायचा, मुलगी शाळेत. सकाळी वस्तीतल्या बाया डबे घेऊन बोलत, हसत दारावरून जायच्या, तेव्हा मी दार लोटून घ्यायची. कामाचा कंटाळा येतो हे ठाऊक होतं. कामावाचून माणूस असं आतून सुकतं, हे तेव्हा कळलं.

आमच्याच वस्तीत एक विधवा बाई आहे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. सगळे तिला आक्का म्हणतात. गावातली तीन एकर जमीन बरीच वर्षं पडीक होती. तिची मालकीण जालन्यात, मस्तगडात राहणारी एक निवृत्त शिक्षिका. मुलं नोकरीनिमित्त बाहेर, शेताकडं बघणारं कुणी नाही. आक्का एकटीच एस.टी.नं तिच्या घरी गेली आणि म्हणाली, "बाई, जमीन पडून राह्यली, आम्हाला कसू द्या." बाईंनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि आठ दिवसांनी पाच वर्षांसाठी कागदावर लिहून दिलं. पिकाचा चौथा हिस्सा त्यांचा, बाकीचा आमचा. आमच्यासारख्या भूमिहीन बायांना कुणी कागद करून देईल, असं आम्हाला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

कागद घेऊन आल्यावर आक्का सरळ माझ्या दारात आली.

"चल, शेत कसायच्या गटात ये."

"आक्का, मला खुरपं धरता येत न्हाई."

"खुरपं धराया चार जणी हायेत. बी निवडाया कोण हाये? डोळे धड हायेत ना तुझे? मंग?"

शेतात विषारी औषध आणायचं नाही, हेही तिनं त्याच दिवशी सांगून टाकलं. कारण विचारायची गरज कुणालाच पडली नाही.

आम्ही पाच जणी झालो. तिघी आमच्या बौद्ध वस्तीतल्या, दोघी गावातल्या. पहिले काही दिवस त्या दोघी बांधाच्या पलीकडं बसून जेवायच्या. एकदा जेवायच्या वेळी जोराची सर आली आणि पाचही जणी एकाच ताडपत्रीखाली डबे घेऊन शिरलो. कुणाची भाकरी कुणाच्या हातात गेली, कळलंच नाही. त्यानंतर कुणी वेगळं बसलं नाही.

तूर, मूग, ज्वारी, बाजरी, मधून तीळ, कडेनं अंबाडी, असं मिसळून पेरलं. पीक उभं असतानाच मी शेतभर फिरून चांगली ताटं हेरायची, त्यांना चिंधी बांधायची. त्यांचंच बी वेगळं झोडपून, राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात भरायची. या कामाला हात थरथरला तरी चालत होतं.

दुसऱ्या वर्षी पेरणीच्या वेळी आक्का म्हणाली, "सगळं बी काढ." मी तीन मडकी घरातच ठेवली. माझी आई रोजानं जाणारीच, पण परसातल्या चार वेलांचंसुद्धा बी ती एकदम टाकायची नाही, ते मनात होतं. तेव्हा मी कुणालाच काही बोलले नाही. बोलले असते तर आक्कानं ऐकलं नसतं, असं मला वाटलं.

मृगात पेरलं, छान उगवलं आणि पावसानं दडी मारली. तीन आठवड्यांत कोंब करपले. गावातली माणसं बियाण्याच्या दुकानापुढं रांग लावून राह्यली होती. संध्याकाळी आम्ही विहारात बसलो, सगळ्यांची तोंडं उतरलेली. तेव्हा मी मागं ठेवलेल्या मडक्यांचं सांगितलं.

आक्का एकदम उसळली. "आम्हाला विचारलं न्हाई? गटाचं बी हाये, तुझ्या एकटीचं न्हाई!"

"बराबर हाये आक्का. चुकलं माझं."

मला रडू आलं. मग आक्काच म्हणाली, "कुठंयत मडकी? ऊठ, दाखव."

बी उगवतं का ते बघायला ओल्या गोणपाटात मूठभर दाणे मोजून गुंडाळून ठेवले. चार दिवसांत बहुतेकांना मोड फुटले. गावातल्या दोघींपैकी थोरली म्हणाली, मुगाची वेळ गेली, आता तूर, बाजरी अन् तीळच घ्या.

पाऊस पुन्हा आला. दुबार पेरणीच्या आदल्या दिवशी, ज्याच्या कपाशीत मी पडले होते तोच शेतकरी माझ्या दारात उभा राहिला. गावात बातमी पसरली होती. "तुमच्याकडं तुरीचं बी हाये म्हणं. दुकानात न्हाई मिळालं." चौघीही माझ्याकडंच बी निवडत बसल्या होत्या, त्या माझ्याकडं बघायला लागल्या. तुरीचं बी आम्हाला पुरून उरत होतं. मी उठले आणि त्याच्या पिशवीत बी ओतायला लागले. हात हलला, पसाभर दाणे ओट्यावर सांडले. तो खाली बसला आणि एकेक दाणा वेचायला लागला. वेचता वेचता म्हणाला, "वैनी, मला काहीतरी बोला."

"काय बोलू भाऊ? दवाखान्यात तुम्हीच नेलं. पण बाईमाणसाच्या उघड्या हातानं औषध कालवून घेऊ नका आता."

"बिलकुल न्हाई," तो म्हणाला. पुढं निंबोळीचा अर्क कसा करतात, ते शिकायला तो आमच्या बांधावर येऊन बसला.

पुढं पाऊस टिकला. त्या साली तूर बेताचीच झाली, पण बाजरीनं घरं भरली. मस्तगडच्या बाई शेत बघायला आल्या, बांधावर आमच्यासोबत भाकरी अन् अंबाडीची भाजी जेवल्या. जाताना म्हणाल्या, "पाच वर्षं झाली की पुन्हा कागद करू."

गेल्या वर्षी बदनापूरला शेतीच्या कार्यक्रमाला आम्हाला बोलावलं होतं. तिथल्या साहेबांनी विचारलं, "बियाणं कोण निवडतं?" चौघींनी माझ्याकडं बोट केलं. मी उठून उभी राहिले. पुढं साहेबांनी विचारलं ते एकेक करून सांगितलं, मोड मोजायची रीतसुद्धा. बसले तेव्हा पदर घामानं भिजला होता आणि आक्का गालात हसून राह्यली होती.

येताना गाडीत मी तिला म्हटलं, "तुझे उपकार हायेत माझ्यावर."

"उपकार कसले? कामाला माणूस पाहिजे होतं," असं म्हणून ती खिडकीबाहेर कुणाची तूर कशी आहे ते बघायला लागली.