कानबाईच्या मुठी

आमच्याकडे श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते. चाळीसगावजवळ गावी थोरल्या दिरांच्या घरी सगळे भाऊबंद जमतात. देवी बाई आहे. तिला नथ, बांगड्या, लुगडं सगळं लागतं. तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांना रोट म्हणतात. रोटाचे गहू मात्र पुरुषांच्या नावाने घेतात, घरात जितके पुरुष तितक्या मुठी. पाळण्यातल्या पोराची मूठ असते. पुण्यातल्या पुतण्याचीही असते, तो रोटाला नावं ठेवतो तरी. गहू निवडणं, दळणं, पुरण शिजवणं, गंगाफळ चिरणं हे बायांकडे. बायांची मूठ नसते.

माझे मालक गेल्या हिवाळ्यात वारले. मला एकच मुलगी. यंदा सासूबाई परातीत मुठी टाकू लागल्या, तेव्हा मी दाराशी उभी राहून ऐकत होते. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. दिरांची झाली, पुतण्यांची झाली. मालकांचं नाव आलं नाही. परात माझ्याकडे सरकवून अक्का म्हणाल्या, "दळी आण." आमचं घर आता कुळात धरत नाहीत का, एवढंच विचारायचं होतं. पण चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. मी दळून आणलं.

सोमवारी देवी बोळवली. उरलेले रोट बाहेरच्याला चालत नाहीत, लग्न झालेल्या लेकीलाही नाहीत, आणि टाकायचे तर मुळीच नाहीत. पुरुषांना दुसऱ्याच दिवशी पित्त होतं, ते फाट्यावर भजी खायला जातात. मग आपापल्या धन्यांच्या मुठी आम्ही बाया संपवतो.

बुधवारी अक्कांनी माझ्यापुढे ताटली ठेवली. "खाय वं. बठ्ठं सरायला पाहिजे." बठ्ठं म्हणजे सगळं.

कुठून धीर आला माहीत नाही. म्हटलं, "कशी खाऊ अक्का? मना घरनी मूठच नही. परकीनी रोट खावा तं कानबाई कोपी ना?"

जाऊबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. मी परकी, तर देवीसकट सगळ्यांनी परकीच्या हातचं दळण खाल्लं होतं. हे अक्कांच्या माझ्याआधी ध्यानात आलं असावं. त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला.

"तू खाय. पुढला सालले तुना मालकना नावनी मूठ टाकसू."

म्हणजे आमचं घर कुळात राहिलं. मी आणि मुलगी जिवंत आहोत म्हणून नाही, मालक होऊन गेले म्हणून. तरी मी मुलीला हाक मारली. लग्न होईपर्यंत तिलाही रोट चालतो. रोट कडक झाला होता. आम्ही दोघींनी दुधात बुडवून खाल्ला.